वरची ओळ उजवी

चष्म्यांच्या त्या कंपनीत तिला सगळे वहिनीच म्हणत. मोठ्या साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत. खरं तर ती वहिनी एकाच माणसाची होती, चिमीची, म्हणजे तिच्या नणंदेची. कॉलेजात असताना एका मोठ्या सुट्टीत चिमी तिच्या हाताखाली टायपिंगला बसली होती, आणि घरच्या सवयीने भर ऑफिसात "वहिनी, हे बघ ना" म्हणून हाका मारायची. सुट्टी संपून चिमी गेली, तिचा चेहरा लोक विसरले, हाक तेवढी मागे राहिली.

कंपनीची दुकानं गावोगाव होती आणि काचा घासायचा कारखाना एकच. दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासले की नंबर दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचे. कारखान्याचं सॉफ्टवेअर निराळं, ते काचा घासायच्या मशिनांबरोबर आलेलं. बिलांचं तिसरं. पार्सलांचं चौथं. चारही एकाच छपराखाली नांदत होती, पण अबोला धरलेल्या भावांसारखी. एकाचं दुसऱ्याला काही कळवायचं म्हणजे मध्ये माणूस लागायचा, आणि तो मधला माणूस म्हणजे वहिनीचा ऑर्डर विभाग. लांबट खोली, एका भिंतीला खिडक्या, प्रत्येक टेबलावर दोन-दोन स्क्रीन. डाव्या स्क्रीनवर दुकानातून आलेली ऑर्डर बघायची, उजव्या स्क्रीनवर कारखान्यासाठी तीच परत टाइप करायची. चार मुली दिवसभर हेच करत. त्यांना हे काम वहिनीनेच शिकवलेलं. नवीन मुलगी आली की ती तिच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि सांगायची, "वरची ओळ उजव्या डोळ्याची, खालची डाव्याची. हे पाठ केलंस की निम्मं काम आलं."

वहिनीच्या स्वतःच्या टेबलावर फोन सारखा वाजत असे. दुकानदार कारखान्याला विचारत नसत, कारखाना बिलवाल्यांना विचारत नसे, सगळे वहिनीला विचारत. "वहिनी, माझ्या बाईंचा चष्मा कुठं अडलाय?" ती वैतागल्यासारखं करायची, पण फोन दोन तास वाजला नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

चारही सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडायची, असं मोठ्या साहेबांनी ठरवल्याची कुणकुण ऑफिसात होतीच. काम कोणाला दिलंय हे मात्र तिला घरी कळलं. सकाळी चहा घेताना नवऱ्याचा फोन वाजला. तो ऐकता ऐकता उठून उभा राहिला आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "अगं, तुमच्या ऑफिसचं ते जोडणीचं काम आपल्या चिमीच्या फर्मला मिळालंय. आणि प्रमुख चिमी. आपली चिमी."

सासूबाई आतून लगबगीने बाहेर आल्या. वहिनी म्हणाली, "अरे वा." मग चहा गाळायला आत गेली, आणि तो आधीच गाळून झालाय हे तिला ओट्यापाशी उभं राहिल्यावर लक्षात आलं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा चिमी शाळेत होती. तिच्या वेण्या वहिनीने घातल्या, तिची गणितं सोडवून घेतली, आणि बारावीनंतर सासूबाई "आता पुरे" म्हणाल्या तेव्हा "तिला शिकू द्या" म्हणून भांडली तीही वहिनीच. स्वतः वहिनीलाही पुढे शिकायचं होतं. लग्नानंतर एक वर्ष थांबू म्हणाली, मग मुलगा झाला, मग सासऱ्यांचं दुखणं लांबलं. कोणी अडवलं नव्हतं, त्यामुळे कोणावर रागावताही येत नव्हतं. मुलगा आता शिकायला परगावी होता. चिमी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. रविवारी यायची, वहिनीच्या पलंगावर लोळायची, कपाट उघडून काय नवीन आहे ते बघायची. तोवर हेवा नावाची चीज वहिनीला चिमीबद्दल कधी वाटली नव्हती. चिमी मोठी झाली होती, पण ती कुठेतरी दुसरीकडे मोठी झाली होती. आता ती वहिनीच्याच खोलीत येऊन मोठी होणार होती.

पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. चिमी साहेबांच्या शेजारी बसली होती. करड्या रंगाचा कोट, पायात साधे पण चांगले बूट. ओळखी झाल्या. वहिनीची पाळी आली तेव्हा चिमी उठली, हात पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या विभागाची आम्हाला सगळ्यात जास्त मदत लागेल."

मॅडम. आणि तुम्ही. चिमीने ते चांगल्यासाठीच केलं असणार, नात्याचा गवगवा नको म्हणून. वहिनीला ते कळत होतं. तरी उन्हातून आल्यावर कोणी दार लावून घ्यावं तसं तिला झालं. तिने हात मिळवला आणि म्हणाली, "हो, सांगा ना काय लागेल ते."

त्यानंतरचे आठवडे तिने जे भोगलं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण त्यात घडलं असं काहीच नव्हतं. कारखान्याचे मास्तर, ज्यांनी वहिनीला पहिली तीन वर्षं घासाईच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते चिमीला स्वतः हिंडवून आणत होते आणि काच कशी वाजवून बघायची ते दाखवत होते. बिलवाला, जो कोणाच्या फोनला उत्तर देत नसे, तो चिमीच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायचा. वहिनीच्या मुलीही फितूर झाल्या. चिमी त्यांच्यामागे उभी राहून काम बघायची, मध्येच काहीतरी विनोद करायची, आणि चौघी अशा हसायच्या की वहिनीला फोनवर समोरच्याचं ऐकू येत नसे. एकदा ती बाहेरून आली तर धाकटी मुलगी दुसरीला म्हणत होती, "मॅडम किती छान समजावतात ना." वहिनीला क्षणभर वाटलं, आपल्याबद्दलच चाललंय. मग लक्षात आलं, आपण मॅडम नाही. आपण वहिनी.

सगळ्यात बोचायचं ते असं, की चिमी कामाला खरोखर चांगली होती. ती आढ्यता करत नव्हती. कोणाला तोडून बोलत नव्हती. न कळलेलं सरळ विचारायची. नाव ठेवायला काही सापडावं म्हणून वहिनी दिवसभर तिच्या मागावर असल्यासारखी होती, आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी यायची.

घरी तर विचारू नये. "चिमीने आज काय केलं?" सासूबाई दार उघडताच विचारायच्या. नवरा जेवताना म्हणायचा, "तुमचे साहेब खूश आहेत का तिच्यावर?"

"मला काय सांगून खूश होतात का ते?"

"नाही, तू तिथंच असतेस म्हणून विचारलं."

"मी माझ्या कामाला असते."

तो भाजी वाढून घेत म्हणाला, "तुझंही कौतुकच आहे म्हणा यात. तूच तर शिकवलंस तिला."

हे वाक्य त्याने मनापासून, बायकोला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. वहिनी उठली आणि भांडी घासायला लागली. जरा जोरातच घासली.

जोडणी तयार होत आली तेव्हा चिमीने एक चाचणी ठेवली. काही दिवसांच्या जुन्या ऑर्डरी जोडणीतून पाठवायच्या आणि मुलींनी हाताने टाइप केलेल्या ऑर्डरींशी ताडून बघायच्या. ताडून कोण बघणार? "मॅडमच बघतील," चिमी म्हणाली. "त्यांच्याइतकी बारकाईने कोणी बघणार नाही."

वहिनीने ते काम अंगावर घेतलं आणि खरोखर इतक्या बारकाईने केलं की मुली घाबरल्या. तिला जोडणी चालावी असं वाटत नव्हतं. ताटात केस शोधणाऱ्या पाहुण्यासारखी ती एकेक ऑर्डर उलटसुलट करत होती. पहिले काही दिवस सगळं तंतोतंत जुळलं. आणि मग एका दुपारी केस सापडला.

नदीपलीकडच्या शाखेच्या ऑर्डरी. हाताने टाइप केलेल्यात जो नंबर उजव्या डोळ्याला होता, तो जोडणीने डाव्याला टाकला होता. डाव्याचा उजव्याला. एक नाही, दोन नाही, त्या शाखेच्या सगळ्याच. बाकी एकाही शाखेत ही गडबड नव्हती. वहिनीने परत पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकली. तिच्या पोटात काहीतरी गरम आणि गोड पसरत गेलं, आणि ते कसलं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याची लाजही वाटली. पण लाज मागून आली, आनंद आधी.

आता खरं म्हणजे चिमीचं टेबल दहा पावलांवर होतं. उठून जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, हे बघ. वहिनीने तसं केलं नाही. तिने सगळ्या ऑर्डरी बाजूला काढून ठेवल्या. मंगळवारी साहेबांपुढे बैठक होती.

मधल्या रविवारी चिमी घरी आली. बरेच रविवार ती आली नव्हती. आज आली ती पलंगावर लोळली नाही. आईशी दोन शब्द बोलून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, जरा बोलायचं होतं. आपण दोघीच."

वहिनी भाजी निवडत होती. तिला वाटलं, ही आता आपल्याला समजवायला आली. तुझा विभाग बंद होणार, पण काळजी करू नकोस, मी साहेबांशी बोलते तुझ्यासाठी, असलं काहीतरी. चिमीच्या तोंडून ते ऐकण्याची कल्पनाही तिला सहन झाली नाही.

"ऑफिसचं आहे का?"

"हो, पण—"

"मग ऑफिसात बोला, मॅडम. घरात ऑफिस नको."

"वहिनी, महत्त्वाचं आहे गं."

"माझं डोकं दुखतंय," वहिनी म्हणाली आणि परातीतल्या भाजीकडे बघत राहिली. चिमी बाहेर गेली. जाताना तिने दार हळू ओढून घेतलं. सोमवारी ती परत टेबलापाशी आली, तेव्हा वहिनीने फोन उचलून कानाला लावला आणि तिला हातानेच 'नंतर' म्हणून सांगितलं. फोनवर कोणी नव्हतं.

मंगळवारच्या बैठकीला साहेब, मास्तर, बिलवाला, चिमी आणि तिच्याबरोबरचे दोघं होते. चिमीने चाचणी कशी झाली ते थोडक्यात सांगितलं. साहेबांनी वहिनीकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

वहिनी उठली. आवाज शांत ठेवायचा हे तिने ठरवून ठेवलं होतं. "बाकी सगळं ठीक आहे. पण जोडणी एका शाखेचे डोळे उलटे करते. उजव्याची काच डाव्याला, डाव्याची उजव्याला. मी दाखवते." तिने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी लावलं. हाताने केलेली ऑर्डर, जोडणीने केलेली ऑर्डर. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढे वाकले.

चिमीचा चेहरा उतरला. वहिनीने तो पाहिला, आणि इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

"बरोबर आहे, तिथे फरक आहे," चिमी म्हणाली. "मी लिहून घेते. त्या शाखेचं मॅडम आणि मी बसून बघतो आणि उद्या तुम्हाला सांगतो."

"उद्या कशाला?" वहिनी म्हणाली. "लोकांच्या डोळ्यांवर जायच्या काचा आहेत. आत्ताच बघू या की, चूक कशी होते ते."

"हो, बघू या," मास्तर म्हणाले.

चिमीने वहिनीकडे पाहिलं. मग अगदी हळू, जेमतेम टेबलाच्या पलीकडे पोचेल इतक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, नको."

त्या ऑफिसात ती इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा वहिनी म्हणाली होती. वहिनीला ते ऐकू आलं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि साहेबांना म्हणाली, "दुकानातली मूळ ऑर्डर उघडायला सांगा ना यांना."

चिमीने उघडली. नदीपलीकडची शाखा कंपनीने दुसऱ्या मालकाकडून घेतली होती, आणि तिथलं सॉफ्टवेअर अजून त्या जुन्या मालकाचंच होतं. पडद्यावर ऑर्डर आली. दोन ओळी. ओळींच्या कडेला फिकट, बारीक अक्षरं. वरच्या ओळीपुढे 'डा'. खालच्या ओळीपुढे 'उ'.

वहिनीने ती अक्षरं वाचली, परत वाचली. त्या शाखेची ऑर्डर तिने आजवर किती वेळा पाहिली असेल. नंबर पाहिले होते. कडेचं अक्षर वाचायची कधी गरजच पडली नव्हती. वरची ओळ उजवी, खालची डावी.

"म्हणजे जोडणीने बरोबर टाकलंय," मास्तर सावकाश म्हणाले. "आणि आपण..."

"आपण किती दिवस उलटं पाठवतोय?" साहेबांनी विचारलं.

उत्तर चिमीने दिलं. "ती शाखा आपल्याकडे आल्यापासून. ज्यांचे दोन्ही नंबर जवळजवळ सारखे, त्यांना काही जाणवलं नसेल. ज्यांच्या नंबरांत फरक होता ते तक्रार घेऊन आले. तक्रारीच्या वेळी नंबर फोनवरून कळवतात, आणि फोनवर माणूस उजव्याला उजवाच म्हणतो, म्हणून दुसऱ्या वेळी चष्मा बरोबर जायचा. चाचणीतला हा फरक मलाही दिसला होता, म्हणून मी शनिवारी त्या दुकानात जाऊन बघून आले." ती थांबली, मग साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, यात विभागाचा दोष धरू नका. दोन सॉफ्टवेअरं एकच गोष्ट दोन तऱ्हांनी दाखवत असली आणि मध्ये माणूस बसवला, की हे कुठेही होतं. प्रत्येक कंपनीत मी असलं काहीतरी पाहिलंय."

ती वहिनीला वाचवत होती, सगळ्यांसमोर, नीट, नेमक्या शब्दांत. तोंडघशी पडण्यापेक्षा ते वाचवणं वहिनीला जास्त झोंबलं.

"नियम माझा होता," ती म्हणाली. "मुलींना मीच शिकवला. त्यांना कोणी काही बोलू नका." आणि ती खाली बसली.

बैठक संपल्यावर ती जिन्यात जाऊन उभी राहिली. खाली सामानाच्या गाडीत खोके चढवत होते. चिमी आली आणि दोन पायऱ्या वर थांबली.

"रविवारी हेच सांगायला आली होतीस," वहिनी म्हणाली.

"हो."

"मग ओरडायचंस ना. दार आपटायचंस. सरळ सांगून टाकायचंस तोंडावर."

"आईसमोर? दादासमोर?" चिमीचा आवाज चढला. "आणि सोमवारी तू रिकामा फोन कानाला लावून बसलीस. त्याचा दिवा लागलेला नव्हता, वहिनी. मला दिसतं."

वहिनीला हसू आलं नाही, पण एरवी आलं असतं. ती कठड्याला टेकली. "मला वाटलं होतं, तुझी चूक सापडली. किती आनंद झाला होता मला, तुला कल्पना नाही."

"आहे."

"कसली कल्पना आहे तुला?"

"पहिल्या दिवशी तू माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीस. बुटांकडे बघत होतीस. तेव्हाच मला कळलं." चिमी खाली येऊन त्याच पायरीवर उभी राहिली. "आणि मलाही राग होताच. मला वाटलं होतं, तू सगळ्यांना सांगशील, ही माझी चिमी. एकदा तरी सांगशील. मी मॅडम म्हटलं ते पहिल्या दिवसापुरतं म्हटलं होतं गं. तूच पुढे चालू ठेवलंस."

वहिनीचा हेवा काही तिथे जिन्यात विरघळून गेला नाही. शेजारी उभ्या असलेल्या चिमीचा कोट तिला अजूनही छान दिसत होता आणि अजूनही टोचत होता. पण तो टोचतोय हे आता दोघींना माहीत होतं, एवढा फरक पडला होता.

"त्या शाखेतल्या तपासनीसबाई," वहिनी एकदम म्हणाली.

"कोण?"

वहिनीने सांगितलं. त्या शाखेत डोळे तपासायला एक बाई होत्या. तक्रारी सारख्या त्यांच्याच शाखेच्या येत. दुसऱ्या वेळी चष्मा बरोबर जायचा, म्हणून सगळ्यांचं मत झालं की बाई पहिल्या वेळी तपासताना हलगर्जीपणा करतात. साहेबांनी वहिनीला विचारलं होतं, आणि वहिनी म्हणाली होती, "त्यांचा हात बसलेला नाही." एवढंच. पण वहिनीचा शब्द होता. बाईंना तपासणीवरून काढलं आणि मुख्य दुकानात फ्रेमच्या काउंटरवर उभं केलं. आता त्यांना जाऊन भेटायला हवं होतं.

"मी येते बरोबर," चिमी म्हणाली.

"नको."

"वहिनी, मी नुसती बाहेर थांबेन."

"तू आलीस की त्या तुझ्याकडे बघून बोलतील. सगळेच बोलतात. हे मला एकटीला करू दे."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, दुकानात गर्दी नसते तेव्हा. तपासनीसबाई काउंटरमागे फ्रेमा पुसून ठेवत होत्या. वहिनीचा आवाज त्यांनी फोनवर अनेकदा ऐकलेला, चेहरा पहिल्यांदाच बघत होत्या. वहिनीने आडवळण न घेता सगळं सांगितलं. वरची ओळ, खालची ओळ, आणि ते एक वाक्यही, जे ती साहेबांना म्हणाली होती.

बाईंनी हातातली फ्रेम खाली ठेवली नाही. पुसत राहिल्या.

"मी स्वतःचे डोळे तपासून घेतले होते तेव्हा," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन. मला वाटलं, मलाच नीट दिसत नसेल. मग वाटलं, लक्ष लागत नसेल. एकेका गिऱ्हाइकाला परत परत विचारायचे, हे नीट दिसतंय का, की ते? लोक वैतागायचे. घरी सगळे म्हणायचे, सोड ती नोकरी, तुला ताण झेपत नाही."

"चूक माझी होती. साहेबांनाही मी तसंच सांगितलंय. ते तुम्हाला परत तपासणीवर घ्यायचं म्हणतायत."

"बसेन ना. माझं काम आहे ते." त्यांनी फ्रेम जाग्यावर ठेवली आणि दुसरी घेतली. "तुम्ही आलात हे बरं केलंत. पण आता जरा जा. तुम्ही इथे उभ्या राहिलात की मला काहीतरी चांगलं बोलावं लागेल, आणि ते आज जमणार नाही."

वहिनी निघाली. रस्त्यावर ऊन होतं. ती बसथांब्यापर्यंत चालत गेली, आणि बस आली तरी चढली नाही, पुढच्या थांब्यापर्यंत चालतच राहिली.

त्या शाखेच्या गिऱ्हाइकांना बोलावून चष्मे बदलून देण्याचं काम वहिनीने मागून घेतलं. काही जण भांडले. काही जणांना फरकच कळेना. एक आजोबा म्हणाले, मला आता सवय झाली, राहू दे हाच. त्यांना मात्र तिने सोडलं नाही. चिमी तिच्याबरोबर बसायची कधीकधी. दोघी कमी बोलत. एकदा धाकट्या टाइपिस्ट मुलीने विचारलं, "वहिनी, मॅडम तुमच्या कोण?" तेव्हा वहिनी म्हणाली, "माझी नणंद आहे ती. वेण्या घातल्यात मी तिच्या." मुलींनी एकच गलका केला, आधी का नाही सांगितलंत म्हणून. चिमी आपल्या टेबलाशी मान खाली घालून काम करत होती, पण तिचे कान लाल झालेले वहिनीला दिसले.

जोडणी सुरू झाली आणि चालली. चांगली चालली. साहेबांनी चिमीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली तेव्हा वहिनीने टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवताना पोटात जे दुखलं ते नेहमीचंच दुखणं होतं. ऑर्डर विभाग बंद झाला. दोन मुली दुकानांत गेल्या, एक बिलांकडे, धाकटीला मास्तरांनी मागून घेतलं. वहिनीला साहेबांनी नवीन टेबल दिलं. ज्या ऑर्डरी जोडणीला समजत नाहीत, ज्या मध्येच अडतात, त्या तिच्याकडे येणार होत्या. कुठे अडलं ते शोधायचं आणि सोडवायचं. लांबट खोलीतली बाकीची टेबलं उचलून नेली, आणि फोन दिवस-दिवस वाजेनासा झाला.

चिमी पुढच्या कामाला दुसऱ्या शहरात गेली. औषधांची कोणती तरी मोठी कंपनी. सासूबाईंनी ते शेजारच्यांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि इस्त्रीवाल्यालाही सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एक ऑर्डर अशी अडली की वहिनीला सुटेना. दुकानात सगळं बरोबर, कारखान्याच्या स्क्रीनवर तिची जागा रिकामी, आणि जोडणी मधल्या मध्ये ऑर्डर धरून बसलेली. तिने सकाळभर डोकं लावलं. मास्तरांना विचारलं, त्यांनी हात वर केले. चिमीने जाताना सांगितलं होतं, काही अडलं तर फोन कर. तो फोन करणं वहिनीच्या जिवावर आलं होतं. ती पाणी पिऊन आली. टेबल आवरलं. खिडकी उघडली, बंद केली. मग केला.

चिमीने लगेच उचलला. मागे पुष्कळ लोकांचा आवाज येत होता. कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले, आणि त्यात चिमीचंही हसू होतं. कोणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली.

"एक मिनिट हं," चिमी तिकडे म्हणाली. मग इकडे, "बोल वहिनी. काय झालं?"

हसण्याचा तो आवाज वहिनीच्या कानात अजून तसाच होता. आपण कधीच न बघितलेल्या एका खोलीत चिमी बसली आहे, आणि तिथे तिच्याभोवती माणसं आहेत. वहिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कामात आहेस का?"

"आहे. पण बोल तू."

"एक ऑर्डर अडलीय," वहिनी म्हणाली आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. "मी वाचून दाखवते. कडेच्या अक्षरांसकट वाचते. मध्ये बोलू नकोस."